बाळाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याचं प्रेशर : या चुका टाळा

केसपेपरवर प्रेशरचा नुसता आकडा लिहून मोकळं होणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. बालपणी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याचा, विशेषतः आत लेन्स न बसवलेल्या डोळ्याचा, कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पुढे जाड होत जातो. एरवी जाडी ५४०-५५० मायक्रॉनच्या आसपास असते. या मुलांत ६०० च्या वर सर्रास सापडते. जाड कॉर्निया दबायला जोर जास्त लागतो, म्हणून टोनोमीटर (प्रेशर मोजायचं यंत्र) प्रेशर चढं दाखवतो. मग ठरलेला प्रकार होतो: प्रेशर २६ आलं, त्याच दिवशी काचबिंदूचे थेंब सुरू. वर्षभराने कुणीतरी पॅकीमेट्री (कॉर्नियाची जाडी मोजायची तपासणी) करतं, जाडी ६५० निघते, डिस्कचा कप (डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी असलेला खळगा, जो काचबिंदूत वाढतो) होता तेवढाच असतो. दोन मिनिटांची तपासणी आधी केली असती, तर मुलाचे वर्षभराचे थेंब कदाचित वाचले असते.

पण ‘कॉर्निया जाडच आहे, सोडा’ हे त्याहून वाईट. वाढलेल्या प्रेशरमुळे सुजूनही कॉर्निया जाड होतो. मोठ्यांच्या डोळ्यांवर बेतलेली सूत्रं लावून प्रेशरमधून आकडे वजा करू नका. आकड्याशेजारी जाडी, यंत्राचं नाव आणि मूल शांत होतं की रडत होतं, एवढं लिहा. पुढच्या वेळी शक्यतो तेच यंत्र वापरा.

रडत्या, डोळे घट्ट मिटणाऱ्या बाळाचं रीडिंग धरू नका. दूध पिताना रिबाउंड टोनोमीटरने (कॉर्नियाला बारीक टोकाचा क्षणभर स्पर्श करून मोजणाऱ्या यंत्राने) घ्या. त्याला बधिर करणारे थेंब लागत नाहीत. भूल देऊन मोजायचं असेल, तर सेव्होफ्लुरेन या भुलीच्या वायूने प्रेशर उतरतं आणि श्वासाची नळी घालताना चढतं, तेव्हा भूल लागल्या लागल्या, नळीच्या आधी मोजा.

‘चष्म्याचा प्लस नंबर भराभर उतरतोय, छान!’ असं पालकांना सांगण्याआधी थांबा. तान्ह्या बाळाचा डोळा प्रेशरने ताणला जातो, लांबी वाढते आणि नंबर अपेक्षेपेक्षा वेगाने घटतो. कॉर्नियाचा व्यासही मोजा. पहिल्या वर्षात १२ मिमीच्या वर गेला तर काचबिंदू शोधायलाच हवा.

स्टेरॉइडचे थेंब चालू असताना प्रेशर न बघणं अक्षम्य आहे.

‘दोन वर्षं ठीक गेली, आता येऊ नका’ हेही नको. एक ते सहा महिन्यांच्या बाळांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात काचबिंदूचा एकूण धोका पहिल्या वर्षापर्यंत ९ टक्के होता, पाचव्या वर्षापर्यंत १७, दहाव्या वर्षापर्यंत २२. ही तपासणी जन्मभराची आहे, हे ऑपरेशनच्या आधीच पालकांना स्पष्ट सांगा.

आणि दोन वर्षांखालच्या मुलाला ब्रिमोनिडीन (काचबिंदूचे एक थेंब) अजिबात देऊ नका; बाळ सुस्त पडतं, श्वासही थांबू शकतो.