वाढीव वॉरंटी कुठे थांबते, हे पैसे देण्याआधी कसे तपासावे

टीव्ही, फ्रिज किंवा एसी पसंत पडून बिल बनायला लागले की काउंटरवर प्रश्न येतो, "दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना?" विचार करायला जेमतेम मिनिटभर मिळते आणि समोर असते ते फक्त वर्षांचा आकडा ठळक छापलेले पत्रक. या करारात वर्षांना फारसे महत्त्व नाही. बिघाड कशामुळे झाला तर दुरुस्ती मिळेल आणि मिळाली तर जास्तीत जास्त किती रकमेची, हे दोन प्रश्न खरे. त्यांची उत्तरे अटींच्या कागदात असतात. तो कागद खरेदीच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावरून उतरवून घ्या किंवा दुकानदाराकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. अटी द्यायला टाळाटाळ होत असेल तर तो प्लॅन घेऊ नये, इतके सरळ आहे.

१. करार कोणाशी होतो आहे, ते बघा

वाढीव वॉरंटी तीन प्रकारची असते. पहिली उत्पादक कंपनीची, दुसरी दुकानाच्या साखळीची आणि तिसरी दुकानात विकली जाणारी, पण प्रत्यक्षात वेगळ्याच सेवा कंपनीची. काही प्लॅनच्या मागे विमा कंपनीही असते. पत्रकावर दुकानाचे नाव असले तरी प्रमाणपत्रावर कोणाचे नाव येणार, हे विचारा. कंपनीच्या प्लॅनमध्ये तिचाच टेक्निशियन आणि मूळ सुटे भाग मिळण्याची शक्यता जास्त असते. तिसऱ्या प्रकारात अनेकदा आधी अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग दुरुस्ती असा क्रम चालतो आणि ऐन मे महिन्यात एसी बंद पडून राहतो. तुमच्या पिनकोडला घरी येऊन सेवा मिळते का, तेही याच वेळी विचारा. तालुक्याच्या गावी काही प्लॅनमध्ये वस्तू सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यावी लागते. ५५ इंची टीव्ही एसटीने नेता येत नाही.

२. मूळ वॉरंटीत आधीच काय आहे, ते वजा करा

"कंप्रेसरवर १० वर्षे" याचा अर्थ सहसा कंप्रेसर हा एकच भाग मोफत, असा असतो. गॅस भरणे, वेल्डिंग, मजुरी आणि वाहतूक यांचा खर्च पुष्कळदा ग्राहकावर येतो. इन्व्हर्टर एसीत कंप्रेसर शाबूत असतानाही बाहेरच्या युनिटचा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) जाऊ शकतो. काही मॉडेलवर पीसीबीला कंपनीच पाच वर्षे देते. तसे असेल तर वाढीव प्लॅनमधला मोठा भाग तुम्ही दुसऱ्यांदा विकत घेत असता.

तारखाही लिहून घ्या. 'तीन वर्षांचे संरक्षण' यात कंपनीचे पहिले वर्ष धरलेले असते, तुम्ही पैसे देता ते पुढच्या दोन वर्षांचे. कंपनीची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात की वस्तू बसवल्यापासून, हेही बघा. बिल्डिंगचा ताबा मिळायच्या आधीच एसी घेऊन ठेवणाऱ्यांचे यात काही महिने जातात.

३. 'यात समाविष्ट नाही' हा परिच्छेद सर्वांत आधी वाचा

बहुतेक प्लॅन फक्त 'यांत्रिक व विद्युत बिघाड' भरून देतात, म्हणजे वस्तू नीट वापरत असताना आतला भाग आपोआप निकामी होणे. बाहेरून आलेले कारण दिसले की क्लेम नाकारला जातो. आपल्याकडे बाहेरची कारणेच जास्त असतात.

एसीपासून सुरुवात करू. बाहेरच्या युनिटमध्ये पाल किंवा मुंग्या शिरतात, पीसीबीच्या दोन टोकांमध्ये शॉर्ट होतो आणि बोर्ड जळतो. टेक्निशियन झाकण उघडतो, मेलेली पाल दिसते आणि 'कीटक व प्राण्यांमुळे झालेले नुकसान' हे कलम लागू होते. कोकण, गोवा, मुंबईत खाऱ्या हवेने कॉइलला (गॅस फिरणाऱ्या नळ्यांना) गंज चढतो. खाडी किंवा उघड्या नाल्यालगत तर तिथून येणारा वायूही तांब्याला खातो. बारीक छिद्रातून गॅस निघून जातो, पुन्हा भरला तरी काही आठवड्यांत संपतो. खरा उपाय कॉइल बदलणे हा असतो, पण अटींमध्ये 'गंज' आणि 'गॅस' दोन्ही वगळलेले असतात. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी एकच प्रश्न लेखी विचारावा: गळती निघाल्यास कॉइल आणि गॅस दोन्ही मिळणार का? उत्तर नाही असेल तर तिथे त्या प्लॅनचा अर्धा उपयोग संपला.

दुसरे कारण वीज. संध्याकाळी व्होल्टेज पडते, लाइट गेल्यावर परत येताना झटका बसतो, पावसाळ्यात वीज कोसळते. 'व्होल्टेजमधील चढउतार' वगळलेला आहे का, ते बघा. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असे लिहिलेल्या एसी-फ्रिजवरही व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते आणि त्याबाहेरच्या नुकसानीची जबाबदारी कंपनी सहसा घेत नाही. अर्थिंग आणि न्यूट्रल यांमधले व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, ते दोन-तीन व्होल्टच्या वर नसावे. जास्त निघाले तर टेक्निशियन जॉब शीटवर (भेटीच्या नोंदीच्या कागदावर) 'अर्थिंग सदोष' लिहितो आणि पुढचा वाद अवघड होतो.

टीव्हीत सर्वांत महाग भाग पॅनेल. बाहेरून काही खूण नसताना पडद्यावर उभ्या रेषा आल्या तर तो सहसा पॅनेलचा दोष धरतात. तडा किंवा दाबाची खूण दिसली तर नाही. पडद्यावर थेट स्प्रे मारून पुसण्याची सवय सोडा. द्रव खाली ओघळून कडेच्या जोडण्यांत शिरतो, रेषा येतात आणि कारण म्हणून 'द्रवाने नुकसान' नोंदले जाते.

मोबाइलच्या वाढीव वॉरंटीत फुटलेली स्क्रीन आणि पाण्याचे नुकसान बसत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन असतो. पाणी न शिरण्याचे मानांकन म्हणजे पाण्याची वॉरंटी नव्हे.

रिमोट, बॅटरी, अ‍ॅडॉप्टर, फ्रिजचे गॅस्केट (दाराची रबरी पट्टी) व काचेचे कप्पे, वॉशिंग मशीनचे पाइप हे जवळपास सगळीकडे बाहेर असतात. क्लिनिक, पीजी, होमस्टे, दुकान इथला वापरही घरगुती प्लॅनमध्ये चालत नाही. इनपुट क्रेडिटसाठी, म्हणजे भरलेला जीएसटी व्यवसायाच्या करातून वजा करून घेण्यासाठी, बिलावर व्यवसायाचा जीएसटी क्रमांक टाकला असेल तर नेमकी हीच शंका काढली जाऊ शकते.

४. कमाल रक्कम कागदावर मांडा

समजा, ४०,००० रुपयांचा टीव्ही आहे आणि दोन वर्षांच्या वाढीव प्लॅनला करासह ३,६०० रुपये पडतात. अटींनुसार दुसऱ्या वर्षी कमाल भरपाई किमतीच्या ८० टक्के, तिसऱ्या वर्षी ६० टक्के. तिसऱ्या वर्षी पॅनेल गेले, खर्च २६,००० सांगितला. मर्यादा २४,००० ची, म्हणून वरचे २,००० तुमचे. त्याआधी पॉवर बोर्डवर ५,००० खर्च झाले असतील आणि मर्यादा सर्व दुरुस्त्यांची मिळून असेल, तर उरतात १९,००० आणि तुम्हाला ७,००० भरावे लागतात. दुरुस्ती परवडत नाही असे ठरले तर अनेक प्लॅन घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) वजा केलेल्या रकमेचे व्हाउचर देतात, ते त्याच दुकानात वापरायचे आणि जुना टीव्ही त्यांच्याकडे जमा. रोख की व्हाउचर, हे आधीच विचारा.

आता प्लॅनच्या किमतीला दुरुस्तीच्या संभाव्य खर्चाने भागा. सरासरी दुरुस्ती १२,००० धरली, तर ३,६०० भागिले १२,००० म्हणजे ३० टक्के. दहातले तीन टीव्ही त्या दोन वर्षांत, आणि तेही मान्य होणाऱ्या कारणाने, बिघडणार असतील तरच हिशेब बरोबरीत येतो. कारखान्यातले दोष बहुधा सुरुवातीच्या महिन्यांत, मूळ वॉरंटीतच बाहेर पडतात आणि झिजेचे बिघाड बऱ्याच वर्षांनी येतात. मधला काळ त्या मानाने शांत असतो आणि वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा नेमका तोच विकते. म्हणून साध्या टीव्ही-फ्रिजसाठी ही रक्कम बाजूला ठेवणे आमच्या मते बरे. महागडा मोठा टीव्ही किंवा रोज तासन्‌तास चालणारा इन्व्हर्टर एसी यांवर, मर्यादा किमतीच्या जवळ असलेला उत्पादक कंपनीचाच प्लॅन मिळत असेल तर विचार करावा.

५. बिल भरताना आणि नंतर

वॉरंटी घेतल्याशिवाय वस्तू किंवा सवलत मिळणार नाही, असे कोणी सांगितले तर थांबा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. ऑनलाइन खरेदीत तुमच्या संमतीविना प्लॅन कार्टमध्ये टाकणे हा नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' (ग्राहकाला फसवणारी संकेतस्थळाची रचना) मार्गदर्शक तत्त्वांनुसार गैरप्रकार आहे. हप्त्यावर घेत असाल तर कर्जाच्या रकमेत प्लॅन मिसळलेला नाही ना, हे पावतीवर तपासा.

प्लॅन घेतलाच तर बिलावरचा आणि वस्तूवरचा सिरियल क्रमांक (मोबाइलचा आयएमईआय) घरी येताच जुळवा. एक आकडा चुकला तरी क्लेम अडतो. काही प्लॅन मुदतीत नोंदणी केली तरच सुरू होतात. थर्मल कागदावरचे बिल पुसट होत जाते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा आणि प्रमाणपत्रासह ईमेलवर ठेवा. गल्लीतल्या मेकॅनिकला वस्तू उघडू देऊ नका, सील तुटलेले दिसले की बोलणेच संपते.

६. बिघाड झाल्यावर

तक्रार नोंदवताना लक्षण सांगा: "पॉवरचा दिवा लागतो, चित्र येत नाही." "व्होल्टेज आले असेल" असा अंदाज स्वतःहून जोडू नका, निदान टेक्निशियनला करू द्या. मात्र वस्तू पडली असेल तर लपवू नका, खुणा दिसतातच. तक्रार क्रमांक आणि जॉब शीटची प्रत घ्या. त्यावर सही करण्याआधी 'बिघाडाचे कारण' हा रकाना वाचा आणि पटत नसेल तर सहीशेजारी 'मान्य नाही' लिहा. जळालेल्या भागाचा फोटो टेक्निशियनसमोरच काढा.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली, हे ईमेलने मागा. ते कलम तुम्हाला खरेदीच्या वेळी दिलेल्या अटींत नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. प्रमाणपत्रावर विमा कंपनीचे नाव असेल तर तिच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करा. इतर प्लॅनसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, ती ऑनलाइनही चालते, वकील सक्तीचा नाही आणि खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. सर्व्हिस सेंटरच्या 'पार्ट आला की कळवतो' या आश्वासनांत ती मुदत थांबत नाही.