सोलापुरात राहून बार्शी लाइटचं मॉडेल कसं करायचं

मॉडेल रेल्वे करायची म्हणलं की माणूस पहिल्यांदा ऑनलाइन ट्रेन सेट शोधतो, गोल रूळ, परदेशी इंजिन, चार डबे, आणि ती गाडी गोल गोल फिरत बसते, आठ दिवसात घरातली पोरं पण बघायची बंद होतात. माझं ऐकाल तर सोलापूरवाल्यानं हे करूच नये. आपल्याकडं तीन गेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचे तीन प्रकार, होते की ओ! जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची ब्रॉडगेज १८६० ला सोलापुरात पोचली, होटगीवरनं विजापूर-गदगकडं मीटरगेज जायची, आणि कुर्डुवाडीवरनं बार्शी लाइट रेल्वे, २ फूट ६ इंचाची नॅरोगेज. त्यामुळं आधी एक स्टेशन धरायचं, त्याची माहिती काढायची, आणि मग जेवढं लागेल तेवढंच विकत घ्यायचं, उलटा क्रम केला की पैसे जातात आणि कपाटात खोकी साठतात.

तिन्हीतलं कुठलं घ्यायचं, तर बार्शी लाइट, आणि ते प्रेमापोटी सांगत नाही, हिशोब बघा. जगात जास्त चालणारा स्केल, म्हणजे खऱ्या गाडीशी प्रमाण, एचओ, म्हणजे १:८७, त्याच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, तिला ८७ नं भागलं की १९.३ येतात, म्हणजे बाजारातल्या रुळावर आपली गाडी समोरून बघितली की पाय आखडून उभी राहिल्यासारखी दिसते. वर आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्यातला नेहमीचा) एक डबा साधारण २४.५ सेंमी होतो, आठ डब्यांची गाडी केली की इंजिनासकट दोन मीटरच्या वर, आणि असले लांब डबे वळवायचे तर निदान ६० सेंमी त्रिज्येचं वळण पाहिजे, टू बीएचके मध्ये हे कुठं मांडणार? आता नॅरोगेजचं बघा. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि एन नावाच्या, एचओपेक्षा छोट्या स्केलचा रूळ असतो ९ मिमी! जवळजवळ तंतोतंत. म्हणजे रूळ नि इंजिनाची खालची यंत्रणा एन स्केलची घ्यायची आणि वरचं सगळं १:८७ मध्ये आपल्या हातानं करायचं, याला एचओई म्हणतात. १२० बाय ३० सेंमीच्या फळीवर एक अख्खं स्टेशन बसतं.

आता माहिती कशी काढायची. खरं सांगायचं तर मला बांधण्यापेक्षा यातच जास्त मजा येते.

पहिली गोष्ट, जुन्या कागदात कुर्डुवाडी शोधाल तर हाताला काही लागणार नाही, तिथं ते स्टेशन 'बार्शी रोड' आहे, आणि सोलापूर 'शोलापूर' आहे. ही दोन नावं घेऊन शोधायला बसा. सोलापूर जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर १८८४ चं आहे, त्यात जीआयपीची माहिती मिळते पण बार्शी लाइट नाही मिळणार, कारण ती सुरूच १८९७ ला झाली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ती काढली, आधी बार्शी, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज, मग १९५४ ला सरकारनं घेतली, आणि २००० नंतर टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. या तारखा पाठ पाहिजेत असं नाही, पण कुठल्या वर्षाचं स्टेशन करायचं हे ठरवल्याशिवाय पुढं जाऊच नका, नाहीतर १९३० च्या इंजिनाशेजारी एसटीडी बूथ उभा कराल.

कॅल्थ्रॉपचं डोकं कुठं चाललं ते समजून घ्या, कारण मॉडेलवर त्याचा परिणाम होतो. त्यानं ठरवलं की कुठल्याच चाकाच्या आसावर ५ टनापेक्षा जास्त भार द्यायचा नाही, इंजिन असो की मालडबा, म्हणजे हलके स्वस्त रूळ टाकता येतात आणि तरी डबे मोठे करता येतात. भार वाटायचा म्हणजे चाकं वाढवायची, म्हणून त्याच्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाकं (दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आठ चाकं) आणि मागं आणखी चार, म्हणून ०-८-४, टँक इंजिन म्हणजे पाण्याची टाकी इंजिनावरच, लीड्सच्या किटसन कंपनीचं. दिसायला लई भारी, पण घरी करायला डोकेदुखी, आठ जोडचाकांची एवढी छोटी यंत्रणा तयार मिळणं अवघड. म्हणून पहिलं इंजिन नंतरच्या काळातलं झेडडीएम, म्हणजे नॅरोगेजचं डिझेल इंजिन, करा, खाली दोन बोगींची (चाकांच्या दोन चौकटींची) एन स्केलची डिझेल यंत्रणा, वर माउंट बोर्डची (जाड पुठ्ठ्याची) बॉडी. वाफेचं इंजिन हात बसल्यावर.

स्टेशनसाठी मोडनिंबसारखं छोटं धरा, कुर्डुवाडी जंक्शन पहिल्या फटक्यात नको, तिथं यार्ड आहे, वर्कशॉप आहे, आयुष्य जाईल. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे ऑनलाइन मिळतात, आणि गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं मागं नेऊन बघता येतात, जिथं नवीन ब्रॉडगेजनं वेगळी वाट धरली तिथं जुना भराव शेतातनं बारीक पट्टीसारखा गेलेला ओळखू येतो, बांध सरळ असतात आणि हा हळूच वळतो. मग गाडी काढून तिथं जा. शेतमालकाला विचारून आत जायचं, आणि चालू रुळावर अजिबात पाय ठेवायचा नाही, तो गुन्हा आहे आणि जीवाशी खेळ पण. स्टेशनात कॅमेरा काढायच्या आधी स्टेशन मास्तरांना विचारा, बहुतेकदा चहा पण मिळतो.

सगळ्यात मोठा खजिना म्हणजे रिटायर्ड माणसं. सोलापुरात रेल्वे लाइन्स, रामवाडी आणि तिकडं कुर्डुवाडी, या भागात घराघरात कुणी ना कुणी ड्रायव्हर, गार्ड, फिटर, सांधेवाला होऊन गेलेला असतो. पण जाऊन "काका, जुन्या आठवणी सांगा की" म्हणलं तर तेच दोन किस्से ऐकायला मिळतात. हातात एखादा फोटो, नाहीतर स्टेशनचा कच्चा नकाशा न्या आणि चुकीचा काढून न्या, मुद्दाम. "काका, पाण्याचा नळ इकडं होता ना?" "नाही रे बाबा, तिकडं!" आणि मग पेन त्यांच्या हातात जातं. इंजिन कुठं पाणी प्यायचं, मालडबे कुठल्या बाजूला लावायचे, आषाढीला पंढरपूरला जादा गाड्या सुटायच्या तेव्हा डबे कमी पडले की काय जोडायचे, हे असं एकेक विचारा. कोणी काय सांगितलं ते तारखेसकट वहीत लिहा, दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, फोटो मिळेपर्यंत कुणाचंच खरं धरू नका. त्यांच्याकडचे फोटो मागून घरी आणायचे नाहीत, तिथंच मोबाइलवर काढून घ्यायचे.

फोटोवरनं माप काढायची युक्ती साधी आहे. गाडी समोरून असलेला फोटो घ्या, दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिमी हे तर पक्कं, त्याच्याशी तुलना करून चाकाच्या जवळपासची सगळी रुंदी-उंची निघते. बिल्डिंग उभी असेल तर दाराची उंची टेपनं मोजा आणि बाकी दगडाचे थर मोजून काढा. एचओमध्ये १ फूट म्हणजे ३.५ मिमी, ७ फुटी दार साडेचोवीस मिमी, हे आकडे फळीवरच पेन्सिलनं लिहून ठेवा.

बांधणी. १२ मिमी प्लाय, खाली पट्ट्या मारून, म्हणजे वाकत नाही. नुसत्या सनबोर्डवर (हलक्या फोमच्या बोर्डवर) रूळ टाकू नका, आपला एप्रिल-मे काय असतो माहितीय, बोर्ड फुगतो. रुळांच्या जोडात पण बारीक फट सोडा, नाहीतर उन्हाळ्यात रूळ वर उचलतात. एन चे रूळ घेतले तर त्याचे स्लीपर आपल्या स्केलला फार बारीक नि जवळ जवळ दिसतात, त्यावर उपाय म्हणजे खडी-मातीत बुडवून टाकायचे, तशीही जुन्या लाइनवर खडी कमी आणि माती जास्तच असायची. पैसे असतील तर पेको कंपनीचे खास नॅरोगेज दिसणारे ९ मिमीचे रूळ मिळतात. पॉइंट (गाडी एका रुळावरनं दुसऱ्यावर नेणारे सांधे) दोनच घ्या, मेन लाइन, एक लूप (बाजूची लाइन) आणि जागा उरली तर मालधक्का. पॉइंट घेताना फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) मेटलचा आणि करंट जाणारा घ्या, प्लास्टिक फ्रॉगवर छोटं इंजिन हमखास अडकतं. वीज १२ व्होल्ट डीसी, एका इंजिनासाठी साधा कंट्रोलर बस झाला, डीसीसी (डिजिटल कंट्रोल) बीसीसी नंतर बघू. आणि खडी चिकटवायच्या आधी गाडी चालवून बघा, सगळीकडं, दोन्ही दिशांनी, हळू.

खडीसाठी बांधकामावरची काळी कच आणा, चहाच्या गाळणीतनं चाळा, रुळात पसरा, मग फेविकॉल एक भाग पाणी दोन भाग, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून ड्रॉपरनं सोडा, थेंब नाही टाकला तर पाणी खडीवर गोळा होऊन बसतं. भिंतीसाठी खऱ्या स्टेशनच्या दगडाचा सरळ समोरून फोटो काढा, स्केलला छोटा करून मॅट कागदावर प्रिंट मारा आणि माउंट बोर्डवर चिकटवा, रंगवलेल्यापेक्षा बरा दिसतो.

झाडंझुडपं बाहेरनं मागवायची गरजच नाही. सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही यंत्रमागाच्या कारखान्यात विचारा, सुताचा कचरा देतात, तो बारीक कापून मातकट पिवळा रंगवला की आपल्याकडचं वाळलेलं गवत होतं, आणि तांब्याच्या तारा पिळून त्यावर तेच सूत विरळ लावलं की बाभळ. परदेशी हिरवंगार गवत टाकलं तर मोडनिंब नाही, स्वित्झर्लंड होतं ते.

एकदा तरी पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, पण रूळ टाकायच्या आधी नाही, थोडं काम झाल्यावर, म्हणजे काय बघायचं ते कळतं. आणि धूळ. सोलापुरात धुळीला इलाज नाही, चालवून झालं की वर जुनी चादर टाका, पुढच्या वेळी चालवायच्या आधी सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रूळ पुसा, पॉलिश पेपर अजिबात घासू नका, चरे पडतात आणि त्यात घाण अजून बसते.