‘बेन, आंकडा खोटा छे’: असिंक सॉकेट नव्याने शिकणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या ऑफिसात मी नोकरीला लागले. तिसऱ्या महिन्यात एका कारखान्यातून मेंटेनन्सच्या काकांचा फोन आला. "बेन, तमारा आंकडा खोटा छे." गुजरातीत खोटा म्हणजे चुकीचा. बडोद्यातल्या मराठी वस्तीच्या दांडिया बाजारात वाढलेल्या कुणालाही हे लहानपणापासून ठाऊक असतं. तरी त्या दिवशी कानाला ते मराठीतलं ‘खोटं’च लागलं. कंप्रेसर बंद होता आणि माझ्या स्क्रीनवर त्याचा लोड 41 किलोवॅट दिसत होता. प्रोग्रामने एकही एरर दिली नव्हती.

त्या फोनापाशी पुन्हा येते. आधी काम काय होतं ते सांगते, म्हणजे कॉलेजातून थेट अशा कामाला लागणाऱ्यांना अंदाज येईल. कारखान्यात 40 वीजमीटर, ते 5 गेटवेंच्या मागे, प्रत्येकामागे 8. गेटवे नेटवर्कवर मॉडबस टीसीपी (कारखान्यातल्या उपकरणांशी बोलायचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली पद्धत) बोलतो आणि मागे आरएस-485 च्या एका तारेवरून मीटरांना एकेक करून विचारतो. दर 10 सेकंदांनी सगळ्यांची रीडिंग घ्यायची आणि डेटाबेसमध्ये टाकायची. बडोद्याच्या आसपास इतके कारखाने आहेत की अशा कामाला तोटा नाही. वेबसाइट सोडून नेटवर्क प्रोग्रामिंगकडे वळायची इच्छा असेल, तर आपल्या शहरात त्याला खरोखर वाव आहे.

माझा पहिला प्रोग्राम एकामागून एक मीटर वाचायचा. एक मीटर साधारण 200 मिलिसेकंदांत उत्तर देई, 40 मीटरांना 8 सेकंद लागत. बसत होतं. मग एका पॅनेलचा स्विच बंद झाला, 5 मीटर गप्प झाले आणि प्रत्येकासाठी 3 सेकंद (हा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मर्यादा) थांबण्यात 15 सेकंद गेले. फेरी 22 सेकंदांवर गेली. एका बंद पॅनेलमुळे सगळा कारखाना उशिरा दिसू लागला. तेव्हा आमचे सीनियर म्हणाले, "असिंकआयओ शिक." असिंकआयओ म्हणजे पायथॉनची लायब्ररी; एकाच्या उत्तराची वाट बघताना तिच्यात दुसऱ्याचं काम पुढे नेता येतं. खरं तर 5 कनेक्शनांना 5 थ्रेडही (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामं) पुरले असते, आणि तुमचं काम तेवढंच असेल तर थ्रेड वापरण्यात कमीपणा काही नाही. पण पुढे शेकड्याने गेटवे जोडायचे होते, म्हणून आम्ही असिंककडे गेलो.

शिकताना मी एक चूक केली: थेट अवेट (‘इथे वाट बघ, तोवर दुसरं काम चालू दे’ असं सांगणारा पायथॉनचा शब्द) लिहायला घेतलं. एकच वेटर अनेक टेबलं सांभाळतो, ही असिंक समजावताना नेहमी सांगतात ती हॉटेलातल्या वेटरची गोष्ट वाचून मला सगळं समजल्यासारखं वाटलं, पण प्रोग्राम अडला की त्या गोष्टीतून काही सुचेना. शेवटी सीनियरांनी मला आठवडाभर असिंकआयओ बंद करायला लावलं. आधी साधा, अडवणारा सॉकेट. सॉकेट म्हणजे नेटवर्क कनेक्शनचं आपल्या प्रोग्राममधलं टोक, आणि अडवणारा म्हणजे डेटा येईपर्यंत प्रोग्राम थांबवून ठेवणारा. मग तोच न अडवणारा केला आणि सिलेक्टर्स मॉड्यूल घेऊन 3 सॉकेट एका व्हाइल लूपमध्ये स्वतः सांभाळले. ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचं, ‘यांपैकी कुणाकडे काही आलंय?’, आणि ज्याच्याकडे आलंय तेवढंच वाचायचं. लायब्ररीतला इव्हेंट लूप म्हणजे हाच लूप, फक्त नीट बांधलेला. ऑपरेटिंग सिस्टिमला हे विचारायची सोय म्हणून लिनक्सवर त्याच्याखाली ईपोल असतं, मॅकवर केक्यू. सॉकेट 1983 च्या 4.2 बीएसडीपासून आहेत. त्यांच्यावर वाट कशी पाहायची हेच काय ते बदलत आलंय. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते हातांनी काम शिकवायला, आणि तिथून पुढे आलेल्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतली मुलं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात तेव्हा मी त्यांनाही हाच हाताने लिहिलेला लूप आधी करायला सांगते.

शिकायचं साहित्य निवडताना त्याचं वय बघा. असिंकआयओ पायथॉन 3.4 मध्ये, 2014 साली आलं. असिंक आणि अवेट हे शब्द 3.5 मध्ये आणि असिंकआयओ डॉट रन 3.7 मध्ये. ‘यील्ड फ्रॉम’ दिसलं की तो धडा जुना आहे, पुढे जा.

आता अवेट. अवेटच्या ओळीवर तुमचं फंक्शन बाजूला होऊ शकतं आणि लूप दुसऱ्याला पुढे नेतो. दोन अवेटांच्या मधला कोड मात्र एकटाच चालतो, तो संपेपर्यंत बाकी सगळे ताटकळतात. मी रीडिंग डेटाबेसमध्ये टाकायचं काम तिथेच साध्या, अडवणाऱ्या कॉलने करत होते. फाइल नेटवर्क ड्राइव्हवर होती. ड्राइव्ह मंदावला की लूप सेकंद-सेकंद अडकायचा आणि पाचही गेटवेंचे टाइमआउट एकदम उडायचे. मी दोन दिवस नेटवर्कला दोष देत राहिले. असिंकआयओचा डीबग मोड चालू केल्यावर पाच मिनिटांत कळलं: 100 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लूप धरून ठेवणारी गोष्ट तो लॉगमध्ये दाखवतो. ते लिहिणं मी टू-थ्रेडमध्ये ढकललं, म्हणजे असिंकआयओच्या त्या फंक्शनने वेगळ्या थ्रेडवर पाठवलं. टाइम डॉट स्लीपही तसंच लूप अडवतं, त्याच्या जागी असिंकआयओचं स्वतःचं स्लीप वापरायचं.

यापेक्षा खोल चूक बाइटांची होती, आणि ती असिंकची नव्हतीच. टीसीपी संदेश पाठवत नाही, बाइटांची धार पाठवतो. पलीकडच्याने एका दमात पाठवलेलं तुमच्याकडे दोन तुकड्यांत येईल, किंवा त्याचे दोन संदेश एकत्र येतील. मी 10 रजिस्टर (मीटरमधली आकड्यांची 2-2 बाइटांची घरं) मागत होते. त्याचं उत्तर 29 बाइटांचं: 7 बाइटांचं हेडर, 1 फंक्शन कोड, 1 बाइट पुढे किती डेटा आहे ते सांगणारा आणि 20 डेटाचे. ऑफिसच्या टेबलावर 1024 बाइट मागितले की दर वेळी बरोबर 29 येत. त्यामुळे मला वाटलं, एक वाचन म्हणजे एक उत्तर. कारखान्यात मध्ये मोबाइल राउटर होता. तिथे एकदा 11 आले, पुढच्या वाचनात 18. माझ्या प्रोग्रामने त्या 18 मधले पहिले 7 हेडर समजून टाकून दिले आणि उरलेल्यातून व्होल्टेज काढलं: 17 हजार व्होल्ट.

उपाय लायब्ररीतच आहे. मॉडबस टीसीपीच्या हेडरमध्ये पहिले 2 बाइट व्यवहार क्रमांकाचे, पुढचे 2 प्रोटोकॉलचे, ते नेहमी शून्य, मग 2 लांबीचे आणि 1 युनिट क्रमांकाचा. रीडएक्झॅक्टलीने आधी नेमके 6 बाइट वाचायचे, त्यातून लांबी काढायची, इथे ती 23, आणि मग नेमके तितके वाचायचे. 6 आणि 23 मिळून 29. मध्येच कनेक्शन तुटलं तर रीडएक्झॅक्टली अर्धवट वाचनाची एरर देतं, अर्धा डेटा पूर्ण म्हणून हातात देत नाही. लांबी 254 च्या वर किंवा प्रोटोकॉल शून्याहून वेगळा दिसला, तर आपण धारेतली जागा चुकलोय हे समजायचं आणि कनेक्शन बंद करायचं. ओळीने संपणारा प्रोटोकॉल असेल तर रीडअंटिल. तुमचं उपकरण कुठलंही असो, पहिला प्रश्न हाच विचारा: संदेश कुठे संपतो ते मला कोण सांगतंय?

हे सगळं नीट केल्यावरही काकांचा फोन आला.

असिंक केल्यावर गेटवे एकमेकांना अडवेनासे झाले. पण एका गेटवेमागची तार एकच, तिथे असिंकने काही घाई होत नाही. 5 मीटर बंद असलेल्या त्या गेटवेची फेरी अजूनही 10 सेकंदांत बसेना. म्हणून मी टाइमआउट 3 सेकंदांवरून 1 सेकंदावर आणला. गेटवे स्वतः मीटरसाठी त्याहून जास्त थांबतो, हे मला माहीत नव्हतं.

आता घडलेलं संथपणे बघा. मी 6 नंबरच्या मीटरला, म्हणजे प्रेसला, विचारलं. त्याला उत्तर द्यायला 1.2 सेकंद लागले. मी 1 सेकंदाला कंटाळून ‘उत्तर नाही’ अशी नोंद केली आणि त्याच कनेक्शनवर 7 नंबरला, कंप्रेसरला, विचारलं. तेवढ्यात प्रेसचं उशिराचं उत्तर पोचलं. 29 बाइट, अगदी शहाण्यासारखे. मी ते कंप्रेसरचं म्हणून नोंदवलं. मग कंप्रेसरचं उत्तर 8 नंबरच्या नावावर, 8 चं पुढच्या फेरीत 1 च्या नावावर. सगळं एकेक घर सरकलेलं, आणि आकडे इतके खरे दिसणारे की शंका यायला कारण नाही. 17 हजार व्होल्ट कुणालाही खटकतात. बंद कंप्रेसरचे 41 किलोवॅट फक्त त्या कंप्रेसरशेजारी उभ्या असलेल्या माणसाला खटकले.

व्यवहार क्रमांक हेडरमध्ये यासाठीच असतो. प्रश्नाला 57 दिला तर उत्तरातही 57 येतो. मी तो पाठवत होते, पण परत आल्यावर बघत नव्हते. युनिट क्रमांकही बघत नव्हते. हेडरमधून फक्त लांबी उचलत होते. त्या संध्याकाळी दोन गोष्टी लिहिल्या. एक, व्यवहार आणि युनिट क्रमांक जुळले नाहीत तर ते उत्तर नोंदवायचं नाही. दोन, टाइमआउट झाला की ते कनेक्शन बंद करून नवं उघडायचं. दुसरी गोष्ट जड वाटते, पण टाइमआउट नेमका हेडर वाचून झाल्यावर आणि डेटा वाचायच्या आधी पडला, तर पुढचं वाचन मधूनच सुरू होतं. ते सावरत बसण्यापेक्षा नवं कनेक्शन स्वस्त. आणि टाइमआउट गेटवेच्या स्वतःच्या थांबण्याहून जास्त ठेवला. मीटर बोललाच नाही तर गेटवे स्वतः 11 नंबरचा, म्हणजे ‘मागचं उपकरण उत्तर देत नाही’ असा, अपवाद कोड पाठवतो, ते स्वच्छ उत्तर असतं. बंद मीटरांना दर फेरीत न विचारता मिनिटातून एकदा विचारायचं ठरवलं, तेव्हा फेरी 10 सेकंदांत बसली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन काकांबरोबर एकेक मीटरपुढे उभी राहिले आणि फोनवर माझ्या स्क्रीनचे आकडे वाचून घेतले. सगळे मिळेपर्यंत दुपार झाली.

बाकीचं थोडक्यात. टाइमआउट नसलेलं एकही वाचन ठेवू नका: राउटरची वीज गेली तर ‘मी जातो’ असं सांगणारं पॅकेट येतच नाही, आणि लिनक्सचं कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारी सोय) चालू केलं तरी मुळातल्या सेटिंगला पहिली चौकशी 7200 सेकंदांनी करतं. वीज परत आल्यावर सगळ्या गेटवेंवर एकदम धावू नका, जोडायच्या प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. एका गेटवेला एका वेळी एकच प्रश्न जावा म्हणून लॉक लावा. भरपूर डेटा पाठवत असाल तर राइटनंतर ड्रेनची (साचलेला डेटा पुरेसा पुढे जाईपर्यंत थांबवणारं फंक्शन) वाट बघा, नाहीतर मंद ग्राहकासाठी तुमच्या मेमरीत ढीग साचतो. क्रिएट टास्कने दिलेला टास्क कुठेतरी धरून ठेवा, कारण लूप त्याला घट्ट धरत नाही आणि तो मध्येच नाहीसा होऊ शकतो.

आता आमच्याकडे कुणी नवीन आलं की पहिल्या दिवशी मी एक छोटा सर्व्हर हातात देते. आम्ही त्याला खोटा मीटर म्हणतो, आणि इथे हा शब्द मराठी अर्थानेच आहे. तो चार प्रकारे वागतो. एकात उत्तर एकेक बाइट करून, मध्ये थांबत थांबत पाठवतो. दुसऱ्यात दोन उत्तरं चिकटवून. तिसऱ्यात कनेक्शन घेतो आणि कायम गप्प बसतो. चौथ्यात दर दहावं उत्तर टाइमआउटनंतर पाव सेकंदाने पाठवतो. पहिले तीन बहुतेक जण दोन-तीन दिवसांत सोडवतात. चौथ्याशी आले की मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) उघडून व्यवहार क्रमांक एकेक करून मोठ्याने वाचायला लावते.