सबमरिनरचं डिझाइन होऊन गेलंय का? घरच्या घरी ताडून बघायची पद्धत

गेल्या महिन्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो तेव्हा माझ्या मावसभावाने विचारलं, "दादा, रोलेक्सचं सबमरिनर घ्यायचा विचार आहे, पण हे डिझाइन जेवढं चांगलं व्हायचं तेवढं होऊन गेलंय का रे? नवीन घेऊ, जुनं शोधू, की पुढच्याची वाट बघू?" पोरगं सात वर्षं पैसे साठवतंय, त्यामुळे भेळ खाता खाता काहीतरी फेकून द्यावं असं वाटेना. त्याला रविवारी घरी बोलावला आणि आम्ही जो उद्योग केला तोच इथे लिहितोय, कारण ही पद्धत कुठल्याही घड्याळाला लागते, ओदमार पिगेचं रॉयल ओक असो, कार्टिएचं टँक असो नाहीतर बाबांचं एचएमटी.

आधी एक गुंता सोडवून घ्या. "आता याच्या पुढे काय करणार" असं लोक म्हणतात तेव्हा आकार, आतली मशीन आणि बाजारभाव या तीन गोष्टी एकाच पिशवीत कोंबलेल्या असतात. मशीन दरवर्षी सुधारू शकते, भाव वर जाऊन आपटू शकतो, आणि या सगळ्यात आकार आपल्या जागी बसलेला असतो. आपल्याला बघायचाय आकार. बाकीचं नंतर.

पहिलं काम म्हणजे एकाच घड्याळाच्या सगळ्या पिढ्या शेजारी शेजारी आणायच्या, आणि त्या खऱ्या मापात. मोबाइलवर बोटाने झूम करून काहीही कळत नाही, सगळी घड्याळं सारखीच देखणी दिसतात. पट्टा ज्या चार शिंगांमध्ये अडकतो ना, त्यांना लग म्हणतात. जुन्या सबमरिनरमध्ये दोन लगमधलं अंतर २० मिमी असतं, २०२० च्या मॉडेलला २१. म्हणजे समोरून काढलेला सरळ फोटो घ्यायचा, झेरॉक्सवाल्याला सांगायचं की हे अंतर पट्टीवर बरोबर २० (२०२० वाल्याला २१) येईल असा छाप, बस, बाकी सगळं आपोआप खऱ्या मापात येतं. आम्ही पाच काढले (पुढचे आकडे म्हणजे मॉडेल नंबर): पन्नासच्या दशकातलं ६५३८, १९६२ ला आलेलं आणि पंचवीसेक वर्षं चाललेलं ५५१३, मग १६६१०, मग २०१० चं ११६६१०, आणि २०२० चं १२६६१०. कात्रीने कापून डायनिंग टेबलवर ओळीने मांडले, पंख्याने उडायला लागले म्हणून वर एकेक वाटी ठेवली, आई म्हणाली बाहुल्या कापताय का रे.

आता प्रत्येक बदलापुढे एकच प्रश्न टाकायचा, हा बदल केला कशासाठी? १९५३ पासून सुरू झालेलं हे घड्याळ पाण्यात उतरणाऱ्यांसाठी होतं, आणि सुरुवातीच्या मॉडेलमध्ये चावी (बाजूचं फिरवायचं बटण) उघडीच होती. १९५९ ला ५५१२ मध्ये चावीच्या दोन्ही बाजूंना खांदे आले, चावीला धक्का बसू नये म्हणून. कारण आहे. प्लास्टिकची काच जाऊन नीलमणी (सफायर) काच आली कारण तिला सहजासहजी ओरखडे पडत नाहीत, हेही कारण. पाणी सोसायची मर्यादा १०० मीटरपासून ३०० मीटरपर्यंत गेली, ठीक. २००३ ला काचेभोवतीचं फिरणारं कडं हिरवं केलं, घड्याळाची पन्नाशी होती, वाढदिवस आहे चालायचंच.

२०१० ला मात्र वाटी जरा उचलून नीट बघा. डायलवरचे ठिपके मोठे, लग जाड, खांदेही जाड. कागदावर माप ४० मिमीच, पण समोरून बघितलं तर गोल घड्याळ चौकोनी वाटायला लागलं. कारण? पाण्याचं काहीच नाही, त्या दशकात सगळ्यांनाच मनगटावर ताटली हवी होती. आणि गंमत म्हणजे दहा वर्षांनी १ सप्टेंबर २०२० ला नवीन मॉडेल आलं त्यात आकडा वाढून ४१ झाला, पण लग पुन्हा बारीक झाले आणि पट्टा १ मिमी रुंद केला. म्हणजे कंपनीने स्वतःच पाऊल मागे घेतलं, फक्त आकडा वाढवून घेतलं म्हणून कुणाला तसं वाटलं नाही.

तंबोरा जुळवताना बघितलंय ना, आधी खुंटी जोरात पिरगळतात, मग शेवटी नुसतं केसभर इकडे, केसभर तिकडे. ते केसभरचं सुरू झालं की सूर जवळपास लागलेला असतो. घड्याळाचंही तसंच, ज्या जागी वाढवलं त्याच जागी पुन्हा कमी केलं की समजायचं, सूर या दोघांच्या आधीच कुठेतरी लागून गेला होता. माझ्या मते सबमरिनरचा आकार १६६१० आणि त्याच काळातलं बिनतारखेचं १४०६० इथे पूर्ण झाला, त्यातही १४०६०, तारीख नाही, काचेवर ते अडीच पट मोठं दाखवणारं भिंग नाही, खालच्या भागात नुसत्या दोन ओळी. भावाला भिंग आवडतं. असू दे.

पण इथे एक घोळ होतो तो सांगतो. बदल झाला नाही म्हणजे डिझाइन टोकाला पोचलं असं समजू नका. बाबांचं एचएमटी जनता घ्या, १७ ज्वेल्स, रोज सकाळी चावी द्यायची. १९६१ ला बंगळुरूत सिटिझनच्या मदतीने एचएमटीची घड्याळं सुरू झाली, आणि जनता वर्षानुवर्षं साधारण तेच राहिलं. छान घड्याळ आहे, मी अजून घालतो, पण ते न बदलण्यात फक्त डिझाइनची पुण्याई नव्हती, त्या काळात लोक नंबर लावून घ्यायचे तर बदलायचं कशाला. मग क्वार्ट्झवाले, म्हणजे सेलवर चालणारे, आले, आणि २०१६ ला एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय झाला. म्हणून बदलायची संधी असून, पैसा असून, बदलून बघूनसुद्धा जे परत तिथेच येतं, ते खरं पिकलेलं डिझाइन.

दुसरी चाचणी माझी सगळ्यात आवडती आणि तिला एक लहान मूल लागतं. माझी भाची नऊ वर्षांची आहे, तिला घड्याळांचं काडीचं प्रेम नाही, हेच उत्तम. फोटो दहा सेकंद दाखवायचा, मग लपवायचा, आणि काढ म्हणायचं. रॉयल ओक दाखवलं, तिने अष्टकोन काढला आणि आत आठ ठिपके टाकले. झालं, रॉयल ओक! जेराल्ड जेंटाने काढलेलं, १९७२ ला बाजारात आलेलं, स्टीलचं असून ३,३०० स्विस फ्रँकला, त्या पैशात तेव्हा सोन्याचं घड्याळ येत होतं, आणि ते पन्नास वर्षांनी एक पोरगी स्केचपेनने काढते. त्याच जेंटाने पाटेक फिलिप कंपनीसाठी काढलेलं नॉटिलस दाखवलं तर म्हणाली हा कान असलेला टीव्ही आहे, आणि कानांसकट काढला. टँकच्या दोन उभ्या पट्ट्या तिला दोन सेकंदात जमल्या, ते तर १९१७ चं.

मग मी माझं दाखवलं. एका कंपनीचं, नाव नाही घेत, लिमिटेड एडिशन म्हणून मी हौसेने घेतलेलं, डायलला भोकं, आत चाकं फिरतायत, कडेला तीन रंग. भाची बघत बसली आणि कागद तसाच परत दिला. दोन वर्षांनी ते मी निम्म्या किमतीत विकलं. तेव्हा ही चाचणी माहीत असती तर.

तिसरी, घालून बघणं. दुकानात एसीमध्ये मखमली ट्रेवर सगळंच शोभतं. कापलेला फोटो पुठ्ठ्यावर चिकटवा, खाली पुठ्ठ्याचे तुकडे लावून साधारण १२-१३ मिमी जाडी करा, रबरबँडने मनगटावर बांधा आणि एक दिवस काढा. हसू नका. शर्टाची बाही त्यावरून सरकते का, बॅग पुढे घेऊन लोकलमध्ये चढताना चावीचा खांदा हाताच्या मागे टोचतो का, लग मनगटाच्या बाहेर लोंबतात का, हे सगळं पुठ्ठ्याला कळतं. सबमरिनर वरच्या लगपासून खालच्या लगपर्यंत साधारण ४८ मिमी आहे, मनगट वरून सपाट भागात त्याहून अरुंद असेल तर कुठल्याही सालचं मॉडेल घ्या, बसणार नाही. भावाने दोन दिवस दोन पुठ्ठे घातले, २०१० वालं चर्नी रोडला बाहीत अडकून सुटलं, १६६१० वालं संध्याकाळी घरी आलं. शास्त्रीय पुरावा नाही हा, पण मला पटला.

चौथी गोष्ट मला गिरगावात जिन्याखाली बसणाऱ्या एका जुन्या घड्याळवाल्या काकांनी शिकवली. डिझाइन म्हातारं कसं होतं ते बघायचं. त्यांनी डोळ्याला आयग्लास लावून एका जुन्या सबमरिनरचं कडं मला दाखवलं, ॲल्युमिनियमची चकती, मूळ काळी, उन्हाने राखाडी झालेली, बाराच्या जवळ एक ओरखडा. म्हणाले ही खराब झाली की काढायची, दुसरी बसवायची. नवीन मॉडेलचं सिरॅमिकचं कडं उन्हाने फिकं होत नाही, सहजी ओरखडा पडत नाही, पण जोरात आपटलं तर तडकतं आणि मग खिसाही तडकतो. मला स्वतःला ते फिकं झालेलं आवडलं, ज्याला वीस वर्षं नव्यासारखंच दिसायला हवंय त्याने सिरॅमिकच घ्यावं.

मशीनचं आता पटकन. जुन्या १६६१० ची मशीन पूर्ण चावीवर साधारण ४८ तास चालायची, नवीन ७० तास, म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालू. रॉयल ओकचं जंबो, ३९ मिमीचं, त्याच्यात २०२२ ला जुनी २१२१ मशीन जाऊन ७१२१ आली, ४० चे ५५ तास झाले आणि तारीख चावीने पटकन बदलायची सोय आली, जी आधी नव्हती, काटे फिरवत बसा. फायदा खरा आहे. पण बाहेर बघा, पन्नासाव्या वर्षी कंपनीने मशीन बदलली आणि ३९ मिमीला हात लावला नाही. यातच सगळं आलं.

आणि भाव बघून डिझाइन ठरवू नका, प्लीज. पाटेकने २०२१ च्या सुरुवातीला ५७११ नॉटिलस बंद करायचं जाहीर केलं आणि लोक वेडे झाले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टिफनी या दागिन्यांच्या कंपनीच्या निळ्या डायलचं एक घड्याळ, एकूण १७० च काढलेली, लिलावात सुमारे ६५ लाख डॉलरला गेलं. डिझाइनमध्ये काय बदललं? डायलचा रंग आणि वर टिफनीचं नाव. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर सेकंडहँडचे भाव उतरले तेव्हा त्या घड्याळाचे कान काही गळून पडले नव्हते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, जेजर-लकूल्त्र कंपनीचं रेव्हर्सो. १९३१ चं घड्याळ, हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या काचा फुटायच्या म्हणून उलटं फिरणारं केलं. आता महालक्ष्मीला रेसकोर्सवर कोण ते घालून घोड्यावर बसणार आहे, म्हणजे मूळ कारणच गेलं. पण उलटी बाजू रिकामी होती, लोक तिथे नावं कोरून घ्यायला लागले, आणि १९९४ ला कंपनीने तिथे दुसरी डायल टाकली, दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारी. पोरगा न्यू जर्सीत असलेल्या दादरच्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे. तर ज्या घड्याळात अशी रिकामी जागा शिल्लक आहे त्याच्याबद्दल "होऊन गेलं" म्हणायची घाई करू नका. सबमरिनरमध्ये मला तरी अशी जागा दिसत नाही.

आता समजा तुमचाही कौल जुन्याकडे गेला, तर घेताना लग बघा आधी. किती वेळा बफ मारलाय, म्हणजे घासून पॉलिश केलंय, ते तिथेच कळतं, कडा गोलगोल झाल्या असतील, दोन लग सारखे दिसत नसतील, तर ज्या आकारासाठी एवढा खटाटोप केला तो आकारच घासून गेलाय, कितीही चकचकीत असो, सोडून द्या. साधारण २००३ पर्यंतच्या १६६१० च्या लगना बाहेरून बारीक भोकं असतात, भोकाच्या कडा पसरट झाल्या असतील तरी तेच समजायचं. ३०० मीटर लिहिलंय म्हणून जुलैत भिजवू नका, आतली रबराची रिंग वाळलेली असेल तर मुंबईची नुसती हवासुद्धा काचेआड धुकं आणते, आधी रिंगा बदलून प्रेशर टेस्ट करून घ्या. बिल घ्या, दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतोच, विकणारा "बिलाचं बघू नंतर" म्हणाला की उठून चहा प्यायला जा. आणि पैसे देण्याआधी त्याच्याशी संबंध नसलेल्या घड्याळवाल्याकडून मागचं झाकण उघडून बघा.

भावाने अजून घेतलेलं नाही. १६६१० चा कागद पाकिटात घेऊन फिरतोय, परवा फोर्टमध्ये एका दुकानात त्याने तो काढून काउंटरवरच्या घड्याळाशेजारी ठेवला आणि खिशातून प्लास्टिकची पट्टी काढली, सेल्समनने विचारलं सर हे काय आहे, तर हा म्हणतो थांबा जरा, लग मोजतोय.