पावसाळ्याआधीचा आठवडा: घर, कुळागर आणि कुटुंब यांची आखणी

मे महिन्याच्या उत्तरार्धात गोव्यातल्या घरासमोर तीन कामे एकदमच उभी राहतात: पावसाळ्याची बेगमी, घराची डागडुजी आणि सुट्टीत जमलेल्या मुलांना कोठेतरी फिरवून आणणे. ती स्वतंत्रपणे उरकू पाहिल्यास पहिला पाऊस आला तरी काहीतरी मागे राहतेच, म्हणून पूर्ण आठवड्याची आखणी उन्हाच्या हिशेबाने करावी; ज्या कामाला कडक ऊन लागते ते आधी घ्यावे आणि उरलेले त्याच्याभोवती बसवावे. पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात पोचतो आणि त्याआधीही वळवाच्या सरी पडतात, तेव्हा हा आठवडा २५ मेच्या अलीकडेच संपवणे शहाणपणाचे.

आठवड्याची सुरुवात सोमवारी न करता शनिवारी करावी, कारण पहिल्या दिवशी घरातले सगळे हात लागतात. त्या दिवशीचे काम भिरंडांचे, म्हणजे कोकमांचे. पूर्ण पिकलेली, गडद लाल फळे धुऊन पुसून अर्धी कापावीत, आतला गर व बिया बाजूला काढून त्यांत भरपूर मीठ घालावे आणि साली सुपांत किंवा चटईवर पसरून उन्हात टाकाव्यात. संध्याकाळी या साली गराच्या सुटलेल्या रसात बुडवून ठेवाव्यात आणि सकाळी पुन्हा उन्हात घालाव्यात. अशी पाच ते सात पुटे दिली की सोले, म्हणजे वाळलेल्या साली, काळसर, लवचीक आणि टिकाऊ होतात. पुटांची घाई करू नये. दोन-तीन दिवसांत आटोपलेल्या सोलांना श्रावणापर्यंत बुरशी येते. बिया वेगळ्या वाळवून ठेवाव्यात, कारण टाचांच्या भेगांवर लावायचे मुठेल, म्हणजे कोकमाचे घट्ट तेल, त्यांतूनच निघते. सुपे उचलणे, पसरणे आणि कावळ्यांवर लक्ष ठेवणे ही कामे मुलांकडे द्यावीत. ती आजीच्या देखरेखीखाली उत्तम होतात.

रविवार आणि सोमवार छपरासाठी ठेवावेत. मंगलोरी कौलांतली फुटकी तेवढी बदलून भागते, पण जुन्या घरावरचे नळे, म्हणजे अर्धगोल कौले, मात्र उतरवून, झाडून पुन्हा बसवावे लागतात; ते काम जाणत्या माणसालाच द्यावे आणि त्याला महिनाभर आधी सांगून ठेवावे. पन्हळींतला पाचोळा त्याच दिवशी काढून घ्यावा. विहीर उपसायची असेल तर पाणी तळाला गेलेले हेच दिवस योग्य असतात, परंतु आत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोरीने खाली सोडून पाहावा. तो विझला तर कोणीही उतरू नये, आणि तो जळत राहिला तरीही वर दोन माणसे असल्याशिवाय एकट्याला उतरू देऊ नये. विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्यांसाठी वीज खात्याला कळवावे, स्वतः कोयता घेऊन चढू नये. घरावर झुकलेले झाड पाडायचे असेल तर गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ नुसार वन खात्याची परवानगी लागते. माड २०१६ साली या कायद्यातून वगळला गेला होता, तो पुढच्याच वर्षी पुन्हा त्यात आला. तेव्हा ‘माड आपलाच, केव्हाही तोडू’ असे समजू नये.

बुधवारी एक दिवसाची रजा काढून फोंडा तालुक्यात जावे. सकाळी बोंडला अभयारण्य पाहावे (ते गुरुवारी बंद असते, म्हणून बुधवारच बरा) आणि दुपारच्या जेवणाला सावईवेरे किंवा केरी भागातल्या एखाद्या नातलगाच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, पोचावे. पोफळीची सावली, पाटाचे पाणी आणि माडाच्या सावलीत वाढणारी केळी, जायफळ व मिरी हे सारे मुलांना एकाच फेरीत दाखवता येते. परतताना मिरीची मुळे फुटलेली रोपे मागून आणावीत. जमिनीवर सरपटणाऱ्या फुटव्यापासून केलेले रोप आधारावर चढते, तर फळ धरणाऱ्या आडव्या फांदीपासून केलेले झुडूपच राहते. सदनिकेच्या गॅलरीतल्या कुंडीसाठी हे दुसरेच मागावे. वेल झाडाच्या उत्तरेकडे लावावी, म्हणजे दक्षिणेकडचे कडक ऊन कोवळ्या पानांवर येत नाही. लागवड मात्र जूनमध्ये पाऊस नीट लागल्यावरच करावी, तोवर रोपे सावलीत ठेवावीत. कुळागर ओळखीचे नसल्यास जुने गोवे येथील एला भागातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत रोपांची चौकशी करता येते.

गुरुवारी घरातच राहावे. हळद-आल्याच्या वाफ्यांत शेणखत मिसळावे, टाकीची झाकणे तपासावीत, अंगणातल्या करवंट्या व जुने टायर उचलून डासांची सोय मोडावी.

शुक्रवार म्हापशाच्या बाजाराचा. सकाळी लवकर जाऊन कांद्याच्या वेण्या, चिंच, सुक्या मिरच्या आणि सुके बांगडे व सुंगटे (कोळंबी) घ्यावीत. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीबंदी असल्याने ताजी मासळी महाग होते, म्हणून सुकी मासळी बंदी सुरू होण्याआधीच घेतलेली बरी. मिरची काणकोणची खोला किंवा पेडण्याची हरमल, घराच्या चवीप्रमाणे घ्यावी. पण घरी आणताच आणखी दोन उन्हे दाखवावीत आणि मगच डब्यात भरावी.

शनिवारी शेवटचे पूट वाळले की सोले चिनी मातीच्या बरणीत दाबून भरावीत आणि उरलेला खारा रस, म्हणजे आगळ, बाटल्यांत ओतावा. रविवारी मानकुराद आंब्याच्या आमरसाचे जेवण ठेवून काका, आत्या, मामा अशा सगळ्यांना बोलवावे, आणि ताटे उचलल्यावर गणेश चतुर्थीचे ठरवून टाकावे: मुंबई-पुण्याहून कोण केव्हा येणार, मूर्ती कोण सांगणार, खर्चाचा वाटा कसा असणार. माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळे-पाने टांगायची, लाकडी चौकट त्याच दुपारी माळ्यावरून खाली काढून वाळवी लागली आहे का ते पाहावे, कारण श्रावण सुरू झाल्यावर सुतार मिळणे कठीण होते.