सोसायटीच्या बागेत मधमाश्या आणि फुलपाखरे टिकवायची असतील तर

रोपे विकत आणण्याआधी सोसायटीच्या सभेत ठराव करून घ्यावा की बागेत कीटकनाशक फवारले जाणार नाही आणि पाने कुरतडलेली दिसली म्हणून माळीदादांना कोणी बोल लावणार नाही. ठरावाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण फवारणी बहुधा अशा तक्रारीनंतरच होते.

फुलपाखरू मध कोणत्याही फुलातला पिते, पण अंडी ठरावीक झाडांवरच घालते. म्हणून मुंबईत पाऊस स्थिरावला की जूनअखेरीस कढीपत्ता, लिंबू, रुई आणि पानफुटी लावावी. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला, तर तो झटकण्याआधी नीट पाहावा, कारण ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी असू शकते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि बोट लागले तर डोक्यामागून लालसर दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. माणसाला तिचा काहीही उपद्रव नसतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेली राणी पाकोळीही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते.

मधमाश्यांसाठी शेवगा लावावा आणि तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत. गच्चीवर वांगी किंवा टोमॅटो असतील, तर कुंपणाजवळ वाळलेल्या बांबूचे तुकडे बांधून ठेवावेत; काळा भुंगा अशा बांबूत घर करतो आणि या फुलांतील पराग त्याच्या गुंजनाच्या कंपनाने बाहेर पडतात, जे मधमाशीला साधत नाही. उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवावे, मात्र डासांची पैदास होऊ नये म्हणून ते रोज बदलावे.

इमारतीच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लागले की रहिवासी घाबरतात, आणि ती भीती रास्त आहे. तरीही पोळे जाळू किंवा फवारू नये. त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात, माश्या उजेडाकडे येत असल्याने रात्री तिथले दिवे मालवावेत आणि मुलांना खाली खेळू देऊ नये. परिसरातील फुलोरा सरला की आग्या माश्या आपण होऊन स्थलांतर करतात. पोळे जिन्याजवळ किंवा हाताच्या अंतरावर असेल, तर मात्र माश्या न मारता ते हलवणाऱ्या प्रशिक्षित माणसालाच बोलवावे.