इंग्रजी शब्दांचं मूळ सांगताना या चुका टाळा

साताऱ्यात मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय. व्याकरणाची चूक सुधारता येते, त्याचं एवढं काही नाही. पण मोबाइलवर आलेली व्युत्पत्ती मुलं छातीठोकपणे सांगतात तेव्हा जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कानाला सारखं लागलं की नातं जोडून मोकळं होणं. एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. कोरेगावकडची एक मुलगी म्हणाली, ‘गूस’चं अनेकवचन ‘गीस’, म्हणून ‘मंगूस’चं ‘मंगीस’. टाळ्याही पडल्या. नंतर तिला जवळ बोलावलं.

“बाळा, तुमच्या उसात हा प्राणी दिसतो का?”

“दिसतो की सर, बांधावरनं रोज पळतो.”

“घरी काय म्हणता त्याला?”

“मुंगूस...” आणि ती थांबलीच.

इंग्रजांनी हा शब्द सतराव्या शतकात मराठीतूनच उचलला. ‘गूस’ हा हंसाच्या जातीचा पक्षी, शब्दही जुना इंग्रजी. त्याचा मुंगसाशी काडीचा संबंध नाही. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द देणाऱ्या 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात ‘एम’नंतर ‘ओ’ नाही, ‘यू’ आहे, म्हणजे चक्क मुंगूस! अनेकवचन सरळ ‘मंगूसेस’ करावं. ‘मंगीस’ काही कोशांत नोंदलेलं सापडेल, पण ते याच गैरसमजातून आलेलं.

याच्या उलट चूक म्हणजे सगळं आपलंच म्हणणं. ‘नेव्हिगेशन’ म्हणे ‘नवगती’वरून आलं! ते आलंय लॅटिनमधून: ‘नाव्हिस’ म्हणजे जहाज, ‘आगेरे’ म्हणजे हाकणं. आपली ‘नौ’ त्या ‘नाव्हिस’ची बहीण, आई नव्हे. मुंगसाच्या बाबतीतही जपून बोला: इंग्रजांनी शब्द मराठीतून घेतला, पण तो मुळात मराठीच असं म्हणू नका, कन्नडमध्ये ‘मुंगुसि’ आहेच.

मी कोश उघडला की अर्थाच्या आधी व्युत्पत्ती वाचतो आणि वहीत तीन गोष्टी टिपतो: पहिल्या वापराचा काळ, मूळ भाषा, जुनं स्पेलिंग. दहा मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल तर मूळ सांगायच्या भानगडीत पडू नये.

अक्षरं फोडून सांगितलेल्या गोष्टींवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. ‘न्यूज’ चार दिशांवरून आलेलं नाही, ‘न्यू’वरून आलंय. ‘पॉश’ म्हणजे बोटीच्या तिकिटावरच्या ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं असं सांगतात, पण ती अक्षरं छापलेलं तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही.